थ्री-एस बॅटरी घेण्याआधी: सोलापूरच्या उन्हात आणि फुफाट्यात मॉन्स्टर ट्रक कसा जुळवावा

तुम्ही लिहिले आहे की तुमच्याकडे एक-दशांश प्रमाणाचा, चारही चाकांना शक्ती देणारा रिमोटवरचा मॉन्स्टर ट्रक आहे. त्यात ५५० आकाराची ब्रश मोटर, सात सेलची, ८.४ व्होल्टची निकेल बॅटरी, ५४ दातांचा स्पर गिअर (मोठा गिअर) आणि त्याला फिरवणारा, मोटरच्या दांड्यावरचा १५ दातांचा लहान गिअर म्हणजे पिनियन आहे. मूळची १४५ मिलिमीटर व्यासाची चाके काढून तुम्ही १६० मिलिमीटरची चाके लावली, आणि तेव्हापासून जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटवर दहा मिनिटे गाडी चालवली की मोटरला बोट लावता येत नाही. शिवाय सिमेंटच्या रस्त्यावर वळण घेताना गाडी कोलांट्या खाते. उपाय म्हणून ब्रशलेस मोटर, थ्री-एस लायपो (तीन सेलची, ११.१ व्होल्टची लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि ॲल्युमिनियमचे सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाके चासीला जोडणारे दांडे, मागवावेत असा तुमचा विचार आहे आणि यांपैकी आधी काय घ्यावे, असे तुम्ही विचारता. माझ्या मते आधी यांपैकी काहीच घेऊ नये. आधी १३ दातांचा पिनियन घ्यावा, मूळची चाके परत लावावीत आणि सस्पेन्शन नीट जुळवावे. थ्री-एसला माझा विरोध नाही; पण आज जी गाडी ८.४ व्होल्टवर तापते आणि उलटते, ती ११.१ व्होल्टवर अधिक लवकर तापेल आणि अधिक वेगाने उलटेल.

मोटर का तापते हे आधी पाहू, कारण बाकीचे बहुतेक निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. मोटरमधील मुख्य उष्णता तांब्याच्या वेढ्यांत निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाकाला ठरावीक जोर हवा असेल, तर मोटरला किती प्रवाह घ्यावा लागेल हे गिअरचे गुणोत्तर आणि चाकाची त्रिज्या मिळून ठरवतात. तुमच्या गाडीत ५४ भागिले १५ म्हणजे ३.६, आणि गिअरबॉक्स व डिफचे (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाचे) आतले गुणोत्तर २.८५ धरले तर एकूण १०.२६, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर सव्वादहा फेरे मारते. पिनियन १३ दातांचा केला की हेच गुणोत्तर ११.८४ होते. त्यामुळे कमाल वेग सुमारे १३ टक्क्यांनी घटतो, पण त्याच जोरासाठी लागणारा प्रवाहही १३ टक्क्यांनी घटतो आणि तांब्यातील उष्णता, वर्गाच्या नियमाने, सुमारे २५ टक्क्यांनी उतरते. शे-दोनशे रुपयांच्या एका लहानशा गिअरने एवढे काम दुसऱ्या कोणत्याही सुट्या भागाकडून होत नाही. चाकांच्या बाबतीत नेमका उलटा व्यवहार झाला आहे: व्यास १४५ वरून १६० मिलिमीटर झाला म्हणजे १० टक्के वाढला, आणि तेवढ्याच जोरासाठी उष्णता सुमारे २२ टक्के वाढली. मोठ्या चाकाचे वजन, आणि तेही परिघावरचे, हा भार वेगळाच. म्हणजे तुमच्या मोटरमध्ये बहुधा काही बिघाड नाही. तिच्यावर लादलेले ओझेच वाढले आहे.

आता यात सोलापूर मिसळा. मोटरचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किती अंश वाढते हे ओझ्यावर ठरते, पण मोजणी सुरू होते ती हवेच्या तापमानापासून. डिसेंबरच्या दुपारी २८ अंशांत ४५ अंशांची वाढ झाली तर मोटर ७३ वर थांबते आणि काही बिघडत नाही. तीच वाढ एप्रिल-मे महिन्यांत, पारा बेचाळीसवर असताना, मोटरला ८७ वर नेते. प्रत्यक्षात त्याहूनही पुढे, कारण तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो आणि तापलेली मोटर त्याच प्रवाहाला अधिक तापते. ब्रशलेस मोटरच्या रोटरमधील निओडिमियम चुंबकांचे साधे प्रकार ८० अंशांच्या आसपासच कायमचे दुबळे होऊ लागतात. चांगल्या मोटरमध्ये अधिक उष्णता सोसणारे चुंबक असतात, पण डब्यावरच्या मजकुरावरून ते कळत नाही. म्हणून मोटरच्या बाहेरच्या कवचाचे तापमान ७५ अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये, असा नियम मी सर्वांना सांगतो. परदेशी माहितीपत्रकातील गिअरचे तक्ते बहुधा थंड हवेच्या देशांत केलेल्या चाचण्यांवरून येतात. आपल्याकडे उन्हाळ्यात त्या तक्त्यापेक्षा एक-दोन दात कमीच ठेवावेत आणि दिवाळीनंतर हवे तर परत वाढवावेत. पिनियन हा मोसमाप्रमाणे बदलण्याचा भाग आहे.

तापमान बोटाने मोजू नये. साठ अंशांपासून पुढे सगळेच बोटाला सारखे लागते. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा, मात्र कपाळाचा ताप मोजणारा घरातला थर्मामीटर चालणार नाही. त्याचा पल्ला साधारण माणसाच्या तापापुरताच असतो. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा, दोनशे-तीनशे अंशांपर्यंत मोजणारा थर्मामीटर हवा. आणखी एक बारकावा असा की चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खरे तापमान दाखवत नाही, फार कमी दाखवते. म्हणून मोटरच्या कवचावर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवून त्यावरच नेम धरावा. गाडी थांबवल्याबरोबर एकदा आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकदा मोजावे, कारण थांबल्यावर वारा बंद होतो आणि आतली उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत पोहोचते. दुसरा आकडाच खरा.

पिनियन बदलताना स्पर गिअरशी त्याची जुळणी काळजीपूर्वक करावी. साध्या वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरांच्या दातांमध्ये घालून मोटर दाबून स्क्रू आवळावेत आणि पट्टी फिरवून काढावी. ती चुरगळलेली निघावी, फाटलेली नव्हे. मग स्पर गिअर एका जागी न तपासता पूर्ण फेरा फिरवून तपासावा, कारण प्लास्टिकचा गिअर क्वचितच अगदी गोल असतो आणि एका बाजूला सैल वाटणारी जुळणी दुसऱ्या बाजूला घट्ट निघते. सर्वांत घट्ट जागीही किंचित खेळ राहायला हवा. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना, विशेषतः पिनियनच्या आणि मोटरच्या स्क्रूंना, निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारे द्रव) लावावा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना लावू नये, त्याने काही प्लास्टिक ठिसूळ होते. स्लिपर क्लचचा, म्हणजे जोराचा धक्का बसला की घसरून गिअर वाचवणाऱ्या क्लचचा, नट पूर्ण आवळून मग सुमारे अर्धा फेरा सैल करावा आणि पुढचे मैदानावर कानांनी ठरवावे: जोरात सुरुवात केली की गाडी फूटभर जाईपर्यंत बारीक घसरण्याचा आवाज यावा आणि मग तो थांबावा. आवाज येतच राहिला तर क्लच तापून जाईल. मुळीच आला नाही तर प्रत्येक उडीचा धक्का थेट स्पर गिअरच्या दातांवर बसेल.

कोलांट्यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मोठ्या चाकांमुळे वाढला असला तरी केवळ त्यांच्यामुळे नाही. वळणावर गाडी घसरते की उलटते हे दोन गोष्टींच्या तुलनेवर ठरते. एक म्हणजे टायरची पकड. दुसरी म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधील निम्मे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. पकड या गुणोत्तरापेक्षा कमी असेल तर गाडी आधी घसरते, जास्त असेल तर आधी उलटते. मुरमावर पकड कमी असते, म्हणून तीच गाडी तिथे सुंदर घसरत वळते आणि सिमेंटवर उलटते. हे घरी तपासता येते. एका फळीवर जुने गोणपाट ताणून बसवावे, गाडी बॅटरीसह त्यावर आडवी उभी करावी आणि फळीची एक बाजू हळूहळू उचलावी. वरच्या बाजूची चाके ज्या कोनात सुटतात तो कोन मोबाइलमधील लेव्हलने मोजावा. ४५ अंशांना हे गुणोत्तर एक असते. त्याच्या आतच चाके सुटत असतील तर सिमेंटवर ती गाडी उलटणारच, रिमोट कितीही हळुवार हाताळा. पन्नासच्या पुढे कोन गेला की चालवणाऱ्याच्या हातात काही उरते. अर्थात वेगात एक चाक खड्ड्यात अडकले तर कोन कितीही असो, गाडी उलटते, आणि मॉन्स्टर ट्रकने अधूनमधून उलटावे यातच त्याची निम्मी मौज आहे, हेही मान्य करायला हवे.

कोन वाढवायचा तर गाडी रुंद करावी किंवा खाली आणावी. मूळची लहान चाके परत लावली की गाडी साडेसात मिलिमीटर आपोआप खाली येते. त्यानंतर शॉकच्या स्प्रिंगवरील प्रीलोडचे (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारे) कडे सैल करून उभी गाडी अशी बसवावी की सस्पेन्शन आर्म जमिनीला साधारण समांतर राहतील. अनेक जण गाडी उंच दिसावी म्हणून प्रीलोड पूर्ण चढवतात आणि मग चाकांना खाली उतरायला जागाच उरत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात चाक हवेत राहते. चाक अधिक बाहेर आणणारी जास्त ऑफसेटची रिम किंवा रुंद हेक्स (ॲक्सलवरचा, चाक बसवण्याचा षटकोनी तुकडा) लावून दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर वाढवता येतात. त्याहून अधिक वाढवले तर बेअरिंगवर आणि सर्वोवर (स्टीअरिंग वळवणाऱ्या छोट्या मोटरवर) ताण येतो. बॅटरी आडवी बसणारा ट्रे असेल तर ती शक्य तितकी खाली बसवावी. मागच्या बाजूला अँटी-रोल बार लावण्याचा उपाय सिमेंटवर उपयोगी पडतो, पण ओबडधोबड जमिनीवर तो डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो. तुम्ही बहुतेक वेळ मोकळ्या प्लॉटवरच चालवता, तेव्हा तो खर्च मी टाळेन. रिमोटवरील स्टीअरिंगचा ड्युअल रेट, म्हणजे चाके जास्तीत जास्त किती वळावीत याची मर्यादा, सिमेंटवर ७० टक्क्यांपर्यंत उतरवावा. हा उपाय फुकटचा आहे आणि कोणालाही आधी सुचत नाही.

शॉकमधील तेलाविषयी. तुमच्या गाडीत कारखान्यातून आलेले तेल बहुधा ३० वजनाच्या (वजन म्हणजे इथे तेलाच्या दाटपणाचे माप) आसपासचे पातळ असेल. सिलिकॉन तेल खनिज तेलापेक्षा उष्णतेने कमी पातळ होते, तरी उन्हाळ्यात फरक जाणवतोच. म्हणून पुढे ४० आणि मागे ४० ते ४५ वजनाचे सिलिकॉन तेल घालून सुरुवात करावी. दुचाकीच्या फोर्कचे तेल घालू नये, त्याने आतल्या रबरी ओ-रिंग फुगण्याची भीती असते. शॉक उभा धरून तेल भरावे, पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे येऊ द्यावेत आणि पाच-दहा मिनिटे तसाच ठेवून मग झाकण लावावे. दोन्ही बाजूंचे शॉक हातात दाबून सारखे वाटतात का हे पाहावे. डाव्या-उजव्यात फरक राहिला तर गाडी उडीनंतर नेहमी एकाच बाजूला कलंडते आणि माणूस उगाच स्टीअरिंगमध्ये दोष शोधत बसतो. मग गाडी फूटभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावी. चासी जमिनीला टेकता टेकता थांबावी आणि गाडीने एकदाच वर येऊन स्थिर व्हावे. चासी आपटली तर तेल जाड करावे किंवा स्प्रिंग कडक करावी. गाडी चेंडूसारखी दोन-तीनदा उसळली तर तेल पातळ आहे. जाता जाता एक स्थानिक सूचना: आपल्या गावात टेरी टॉवेलच्या तुकड्यांना तोटा नाही आणि बाहेरून गाडी पुसायला त्यांच्याइतके चांगले काही नाही, पण उघडलेला शॉक किंवा डिफ त्यांनी पुसू नये. त्यांची तूस सीलमध्ये अडकते आणि तिथूनच तेल झिरपू लागते. आतल्या कामाला तूस न सुटणारा टिश्यू किंवा जुने धुतलेले मलमल वापरावे.

डिफ उघड्या प्रकारचे (लॉक न केलेले) असतील आणि त्यांत केवळ ग्रीस असेल तर पुढच्यात १० हजार आणि मागच्यात ७ ते १० हजार सेंटिस्टोकचे सिलिकॉन तेल घालावे. त्यामुळे एक चाक उचलले गेले की सगळी शक्ती त्याच चाकाला जाणे कमी होते. याहून जाड तेलाने पुढचा भाग वळणावर हट्टी होतो.

आता ॲल्युमिनियम. दिसायला ते देखणे असते, यात वाद नाही. पण धडकेची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी, आणि ती कुठे जावी हे ठरवणे हाच मॉडिफिकेशनचा खरा विषय आहे. मूळचा नायलॉनचा आर्म धडकेत वाकतो आणि परत सरळ होतो. फारच जोराचा मार बसला तर तुटतो, आणि तो दहा मिनिटांत बदलता येतो. ॲल्युमिनियमचा आर्म वाकला की वाकलेलाच राहतो, आणि वाकला नाही तर तोच मार बल्कहेडला (आर्म ज्यावर बसतात त्या भागाला) किंवा चासीला देतो. मग शंभर-दोनशे रुपयांचा आर्म वाचवण्यासाठी सगळी गाडी खोलावी लागते. दुरुस्तीला माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत चासीला तडा गेलेल्या गाड्यांचे आर्म पुष्कळदा चमकदार निळे किंवा लाल ॲल्युमिनियमचे असतात. म्हणून आर्म, बंपर आणि शॉक टॉवर हे लवचीक प्लास्टिकचेच ठेवावेत आणि एक जोडी जास्तीची घेऊन ठेवावी. धातू हवा तो जिथे लवचीकपणाचा उपयोग नाही आणि झीज किंवा उष्णता आहे तिथे: मोटर माउंट, जो मोटरची उष्णता चासीकडे वाहूनही नेतो, चाकांचे हेक्स, कारण प्लास्टिकचे हेक्स जोरात सुरुवात केल्यावर आतून गोल होतात, शॉकची झाकणे, जी उडीत निसटतात, आणि थ्री-एसवर जायचे असेल तर स्टीलचे ड्राइव्हशाफ्ट. हेक्स किंवा स्पेसर बाहेरून मागवण्याचीही गरज नाही. यंत्रमागांच्या सुट्या भागांमुळे आपल्याकडे बारीक काम करणारे लेथवाले आहेत, आणि नमुना हातात दिला तर अशा वस्तू ते उत्तम करून देतात. फक्त मोजमाप स्लाइड कॅलिपरने स्वतः घ्यावे आणि ॲक्सलच्या पिनची खाच नीट समजावून सांगावी.

धुळीबद्दल आणि सुताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण परदेशी माहितीत हे सापडत नाही. पूर्व भागातील यंत्रमागांच्या गल्ल्यांत आणि त्यांच्या आसपासच्या मोकळ्या जागांत सुताचे तुकडे आणि कापसाची तूस सर्वत्र असते. हे सूत चाकाच्या हेक्सच्या मागे ॲक्सलभोवती गुंडाळले जाते, फिरता फिरता घट्ट होत जाते आणि बेअरिंगच्या सीलखाली घुसून त्यातले ग्रीस शोषून घेते. बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त गाडी थोडी जड चालते, मोटर थोडी अधिक तापते, आणि एके दिवशी बेअरिंग जाम होऊन हब वितळतो. दर आठवड्याला चारही चाके काढून हेक्समागे पाहावे आणि सूत ब्लेडने कापून चिमट्याने ओढून काढावे. बेअरिंग बदलायचे झाले तर खेळण्याच्या दुकानात न जाता औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात क्रमांकाने मागावे: १० बाय १५ बाय ४ मिलिमीटरचे बेअरिंग ६७०० या क्रमांकाने, १२ बाय १८ बाय ४ चे ६७०१ ने, ८ बाय १६ बाय ५ चे ६८८ ने आणि ५ बाय ११ बाय ४ चे एमआर ११५ ने ओळखले जाते. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलेच घ्यावे. पत्र्याचे सील आपल्या फुफाट्यापुढे टिकत नाही.

जमीन कोणती हाही जुळवणीचाच भाग आहे. सर्वांत चांगला तो दाबलेला मुरूम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगा एक-दशांश गाडीचे पुढचे चाक आत जाण्याइतक्या रुंद असतात. वेगात चाक भेगेत गेले की स्टीअरिंगचा दुवा किंवा नकल (चाक धरून वळवणारा भाग) तुटते, आणि यावर कोणताही सुटा भाग उपाय नाही. पावसाळ्यात तीच माती टायरवर थरावर थर चढवते आणि चाकाचे वजन कितीतरी वाढवते, तेव्हा ओल्या काळ्या मातीत गाडी उतरवूच नये. होम मैदानावर चालवायला मिळाले तर गड्ड्याच्या यात्रेनंतर काही आठवडे आधी पायी फिरून खिळे, तारा आणि दोरीचे तुकडे वेचावेत. नान्नजच्या माळरानाचा मोह काही जणांना होतो. ते माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे, तिथे गाडी नेऊ नये.

सर्वोविषयी एवढेच की मूळचा प्लास्टिक गिअरचा सर्वो मोठ्या चाकांनी आधीच दमला असेल. १५ ते २० किलो-सेंटिमीटरचा, धातूच्या गिअरचा सर्वो घ्यावा, पण सर्वो सेव्हर, म्हणजे चाकाचा धक्का सर्वोपर्यंत जाऊ न देणारा भाग, तसाच ठेवावा. नवीन सर्वो लावला की रिमोटवर त्याची दोन्ही टोके जुळवावीत, नाहीतर तो टोकाला जाऊन कण्हत राहतो आणि जळतो.

हे सर्व झाल्यावर, आणि गाडी सध्याच्या मोटरवर उन्हातही ७५ अंशांच्या आत राहू लागल्यावर, ब्रशलेसचा विचार करावा. तुमच्या गाडीचे वजन तीन किलोच्या आसपास असेल. तिला ३६ मिलिमीटर व्यासाची आणि ६० ते ७४ मिलिमीटर लांबीची चार-ध्रुवी मोटर, सुमारे २,६०० केव्हीची, आणि पंखा असलेला १०० ते १२० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) योग्य ठरेल. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. जास्त केव्हीची मोटर अधिक शक्तिशाली असा एक समज पसरलेला आहे, तो चुकीचा आहे. त्याच आकाराच्या मोटरमध्ये केव्ही वाढली की तोच जोर देण्यासाठी प्रवाह वाढतो. थ्री-एसचा खरा फायदा वेगात नसून इथेच आहे: व्होल्टेज ८.४ वरून ११.१ झाले आणि पिनियन लहान करून वेग पूर्वीइतकाच ठेवला, तर तेच काम कमी प्रवाहात होते. जास्त फेऱ्यांमुळे मोटरच्या लोखंडातील उष्णता थोडी वाढते, पण जड गाडीत एकूण हिशोब फायद्याचाच राहतो. थ्री-एस लावून पिनियन तोच ठेवणारे किंवा वाढवणारे मात्र हा फायदा गमावतात आणि वर मोटरही गमावतात.

लायपो बॅटरीला सोलापूरचा उन्हाळा मानवत नाही. पूर्ण चार्ज केलेली, म्हणजे दर सेलला ४.२ व्होल्ट असलेली बॅटरी उन्हातल्या स्कूटरच्या डिकीत ठेवली तर ती फुगायला एक दुपार पुरते. मैदानावर जाण्याच्या आधी तासभर चार्ज करावी, आदल्या रात्री नव्हे. चालवून झाल्यावर ती गार होऊ द्यावी आणि दोन-तीन दिवस वापर नसेल तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावी. चांगल्या चार्जरमध्ये यासाठी स्टोरेज मोड असतो. चार्ज नेहमी बॅलन्स मोडमध्ये (सर्व सेल सारखे भरणाऱ्या), ५,००० एमएएच बॅटरीला ५ अँपिअरने, मातीच्या कुंडीत किंवा फरशीवर, आणि आपण जवळ असतानाच करावे. ईएससीमधील लो-व्होल्टेज कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) दर सेल ३.२ ते ३.४ व्होल्टवर लावलेला आहे याची खात्री करावी. निकेल बॅटरीसाठी तो बंद ठेवलेला असतो आणि बॅटरी बदलताना लोक तो चालू करायला विसरतात. फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून सपाट करण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तो आगीला आमंत्रण देतो. अशी बॅटरी पुन्हा वापरू नये. कनेक्टर सोल्डर करताना बॅटरीच्या दोन्ही तारा एकदम कापू नयेत. एक तार कापून, सोल्डर करून, स्लीव्ह चढवून झाली की मगच दुसरीला हात लावावा.

ईएससीच्या मांडणीत पंच (सुरुवातीच्या झटक्याचा जोर) सर्वांत कमी पायरीवर आणि टायमिंग मध्यम किंवा कमी ठेवावे. मग गाडी स्टँडवर, चाके हवेत ठेवून, रिमोट बंद करून पाहावा: चाके थांबायलाच हवीत. थांबली नाहीत तर फेलसेफ लावलेला नाही, आणि अशी गाडी मैदानात नेणे म्हणजे तीन किलोची वस्तू मोकाट सोडणे आहे. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते, हे मुले जवळ उभी असताना विशेष ध्यानात ठेवावे. चालू करताना आधी रिमोट आणि मग गाडी; बंद करताना आधी गाडी.

थ्री-एसच्या पहिल्या दिवशी १४५ मिलिमीटरची चाके आणि ११ दातांचा पिनियन लावावा. ११.१ गुणिले २,६०० म्हणजे मिनिटाला सुमारे २८,९०० फेरे, एकूण गुणोत्तर १४ आणि चाकाचा परीघ ४५५ मिलिमीटर. यावरून ताशी ५६ किलोमीटर असा कागदावरचा वेग येतो, मैदानावर तो ४५ च्या आसपास मिळेल, आणि जुळे सोलापूरच्या प्लॉटवर याहून जास्त वापरायला जागाही नाही. सकाळी साडेसातच्या आत चालवावे, दर तीन मिनिटांनी थांबून मोटर, ईएससी आणि बॅटरी या तिन्हींचे तापमान वहीत लिहावे. बॅटरी ६० अंशांजवळ गेली तर तिथेच थांबावे, मग मोटर कितीही गार असो. एक संपूर्ण बॅटरी संपेपर्यंत मोटर ६५ च्या आत राहिली, तर पिनियन १२ दातांचा करावा आणि हीच मोजणी पुन्हा करावी. ६५ ते ७५ च्या मध्ये राहिली, तर ११ दातांवरच थांबून पुढचा बदल नोव्हेंबरात करावा.